कराडचा 'विरंगुळा' पाहायला जाण्यापूर्वी



शाळेच्या सहलीसाठी कराडचे नाव निघाले, तेव्हा पालकसभेत एका आजोबांनी सरळ विचारले, "एवढ्या लांब मुलांना कशासाठी न्यायचे? सालारजंग म्युझियम आपल्या गावात आहे, गोवळकोंडा आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पुढारी. आपण हैदराबादचे. आपला त्यांचा काय संबंध?"

प्रश्न रास्त होता. त्या सभेत वेळ कमी होता, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत. सहलीला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा लेख वाचून यावे. पालकांनीही वाचावा, कारण शेवटी त्यांच्यासाठीही एक काम सांगितले आहे.

एकच तारीख, दोन गोष्टी

नामपल्लीत पब्लिक गार्डनला लागून विधानसभेची जुनी, घुमटांची पांढरी इमारत आहे. तुम्ही ती बसमधून कितीदा तरी पाहिली असेल. १९५२ च्या निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याची विधानसभा भरू लागली, तेव्हा तेलंगणाच्या आमदारांबरोबर मराठवाड्याचे आमदारही तिथे बसत. त्या राज्यात १६ जिल्हे होते. त्यांतले औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे ५ जिल्हे मराठी भाषेचे. (यांतल्या औरंगाबादला आज छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादला धाराशिव म्हणतात.)

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेनुसार राज्यांची फेररचना झाली आणि हैदराबाद राज्य संपले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्र प्रदेशात आला, कानडी जिल्हे म्हैसूरला जोडले गेले. आपल्यापैकी अनेक घरांतले काका नांदेडला आणि आत्या परभणीला राहिल्या. आपण मात्र याच शहरात राहिलो. घर एकच, राज्ये दोन झाली.

त्याच दिवशी, त्या नव्या आणि मोठ्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून शपथ घेणारे गृहस्थ होते यशवंतराव चव्हाण. वय अवघे त्रेचाळीस. म्हणजे आपल्या काकांचे मुख्यमंत्री ते झाले, आपले झाले नाहीत. आजोबांचा प्रश्न इथूनच येतो. पण सहा वर्षांनी अशी वेळ आली की, नामपल्ली आणि नांदेड असा भेद उरला नाही.

देवराष्ट्रेचा मुलगा

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा. गाव देवराष्ट्रे, आजच्या सांगली जिल्ह्यात. ते त्यांचे आजोळ. वडील लहानपणीच प्लेगने गेले. आई विठाबाईंनी कष्ट करून मुलांना वाढवले. शाळा कराडला, टिळक हायस्कूलमध्ये. तिथली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. गुरुजींनी मुलांना विचारले, तुम्ही कोण होणार ते लिहा. कोणी टिळक लिहिले, कोणी आणखी कोणा थोर पुरुषाचे नाव लिहिले. या मुलाने लिहिले की, मी यशवंतराव चव्हाण होणार. गुरुजी आधी चकित झाले.

१९३२ मध्ये स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. शाळेतल्या मुलाच्या वयात तुरुंग! पण त्या तुरुंगात त्यांना वाचनाची गोडी लागली, ती जन्मभर सुटली नाही. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए. आणि पुण्यातून वकिलीची परीक्षा. जून १९४२ मध्ये फलटणच्या वेणूताईंशी लग्न झाले आणि दोनच महिन्यांनी 'चले जाव'ची हाक आली. यशवंतराव भूमिगत झाले. पोलिसांनी वेणूताईंनाही तुरुंगात नेले. नव्या नवरीचा पहिला संसार असा झाला. कराडला जाऊ तेव्हा वेणूताईंचे नाव मोठ्या अक्षरांत दिसेल. ते कशासाठी, हे यावरून ध्यानात ठेवा.

युद्ध थांबले त्या दिवशी आलेला मंत्री

'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तुम्ही भाषणांत ऐकले असेल. ते ऐकून असे वाटते की, यशवंतराव दिल्लीला गेले आणि त्यांनी चीनशी युद्ध केले. तसे झालेले नाही. तारखा नीट पाहू.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने लडाख आणि ईशान्य सीमेवर मोठा हल्ला केला. आपले जवान पुरेशा गरम कपड्यांशिवाय, जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुका घेऊन बर्फात लढले. अनेक ठाणी पडली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला मंत्रिमंडळ सोडावे लागले. पंडित नेहरूंनी यशवंतरावांना बोलावले. त्यांनी २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे घेतली आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली!

मग त्यांचे मोठेपण कशात? लढाई संपल्यावर उरलेल्या कामात. हरलेल्या सैन्याचे मन पुन्हा उभे करायचे, लोकांचा विश्वास परत मिळवायचा आणि पुढच्या वेळी असे होणार नाही अशी तयारी करायची. या कामाला ना बिगूल असतो, ना वरात. फायली, बैठका, हिशेब आणि सीमेवरच्या ठाण्यांना भेटी, असे ते काम असते.

त्या तयारीचे काही आकडे वहीत लिहून घ्या. १९६२ मध्ये सैन्य साडेपाच लाखांच्या आसपास होते. १९६४ मध्ये संरक्षणाची पाच वर्षांची योजना आखली गेली. सव्वाआठ लाखांचे सैन्य, २५ डिव्हिजन, त्यांपैकी १० खास डोंगरात लढणाऱ्या, आणि हवाई दलाच्या ४५ तुकड्या, असे तिचे लक्ष्य होते. पाच वर्षांचा खर्च ५००० कोटी रुपये धरला होता. शस्त्रे आपल्याच देशात बनावीत म्हणून नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षण उत्पादनाचा वेगळा विभाग सुरू झाला.

आणि इथे हैदराबाद येते. मिग-२१ हे विमान भारतात बनवायचे ठरले तेव्हा काम तीन ठिकाणी वाटले गेले. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला आणि विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. बालानगरचा एच. ए. एल.चा कारखाना त्यातूनच १९६५ मध्ये उभा राहिला. आपल्या शहरातल्या कितीतरी कुटुंबांना संरक्षण खात्याच्या कारखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी भाकरी दिली आहे. तेव्हा आपला त्यांचा संबंध नाही, असे म्हणता येईल का?

१ सप्टेंबर १९६५ ची संध्याकाळ

तीन वर्षांतच परीक्षा आली. १ सप्टेंबर १९६५ रोजी पहाटे पाकिस्तानच्या रणगाड्यांनी जम्मूजवळ छांब भागात हल्ला केला. दुपारनंतर लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधुरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. हवाई दल वापरल्याशिवाय रणगाडे थांबणार नाहीत, असे त्यांनी सांगितले. हवाई दल उतरवणे म्हणजे लढाईचे रूप पालटणे. अशा वेळी 'वर विचारून सांगतो' म्हणणे सोपे असते. यशवंतरावांनी काही मिनिटांत परवानगी दिली आणि सूर्य मावळण्याआधी पठाणकोटहून विमाने उडाली.

या निर्णयाची किंमतही होती. त्या संध्याकाळी आपली ४ जुनी व्हॅम्पायर विमाने पडली. निर्णय बरोबर असला तरी त्यात माणसे जातात, हे युद्धाच्या वेळी मंत्र्याला माहीत असावे लागते आणि तरीही निर्णय घ्यावा लागतो. पुढे २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला करार झाला. तिथे पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्यासोबत यशवंतरावही होते. कराराच्या रात्रीच शास्त्रीजी गेले.

जनरल चौधुरी हे नाव आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शनमध्ये हैदराबादेत सैन्य घेऊन आले ते हेच चौधुरी. त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ ते इथले लष्करी गव्हर्नर होते.

कराडला काय पाहायचे

नामपल्लीहून मुंबईच्या गाडीने सोलापूरमार्गे पुणे, आणि पुण्याहून बंगळूर रस्त्याने सातारा सोडून पुढे कराड. पुण्यापासून अंतर सुमारे १६० किलोमीटर. वाटेत सातारा लागते. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये तिथे सुरू झाली, यशवंतराव मुख्यमंत्री असताना.

कराडमध्ये तीन ठिकाणे आहेत.

पहिले 'विरंगुळा', म्हणजे यशवंतरावांचे घर. आता ते स्मारक म्हणून जपले आहे. छायाचित्रे आणि रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे पाहायला मिळतात. संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही चारही खाती सांभाळलेल्या आणि उपपंतप्रधान झालेल्या माणसाने घराला नाव दिले विरंगुळा! घराचा आकार नीट पाहून या आणि आपल्या मनातल्या मंत्र्याच्या बंगल्याशी ताडून पाहा.

दुसरे सौ. वेणूताई चव्हाण स्मारक. वेणूताई १ जून १९८३ रोजी गेल्या. त्यांच्या नावाने काहीतरी उभे राहावे, ही यशवंतरावांची इच्छा होती. त्यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह तिथे ठेवला आहे. पुस्तकांच्या कपाटांपुढे घाईने जाऊ नका. कोणत्या विषयांची पुस्तके आहेत, मराठी किती, इंग्रजी किती, हे पाहा. माणूस काय बोलला ते भाषणात असते. तो काय वाचत होता ते कपाटात असते.

तिसरे प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना या नद्या इथे समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. असा संगम क्वचितच पाहायला मिळतो. यशवंतराव २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत गेले. त्यांची समाधी या काठावर आहे. तिथे गोंगाट करू नये, हे वेगळे सांगायला नको.

संग्रहालय कसे पाहावे

नेत्याचे संग्रहालय बहुधा त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी उभारलेले असते. त्यात वाईट काही नाही. पण पाहणाऱ्याने आपली बुद्धी दाराबाहेर ठेवू नये. प्रत्येकाने एक वस्तू निवडावी आणि वहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. ही वस्तू कोणी वापरली? कोणत्या वर्षी? ती कोणी जपून ठेवली? आणि इथे काय दिसत नाही?

दिल्लीत लालबहादुर शास्त्रींच्या स्मारकात एक फियाट गाडी ठेवली आहे. पंतप्रधान झाल्यावर १९६४ मध्ये त्यांनी ती घेतली. किंमत १२००० रुपये. हाताशी पैसे कमी पडले म्हणून ५००० रुपये बँकेचे कर्ज. ते फिटण्याआधीच शास्त्रीजी गेले आणि ललितादेवींनी ते कर्ज फेडले. एक गाडी केवढे सांगून जाते!

लंडनमध्ये सरकारी इमारतीच्या तळघरात चर्चिल यांच्या युद्धकाळातल्या खोल्या आहेत. १९८४ मध्ये त्या लोकांसाठी उघडल्या आणि २००५ मध्ये तिथेच त्यांच्या चरित्राचे संग्रहालय सुरू झाले. नकाशांची खोली १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा होती तशी ठेवली आहे. इंग्रज मुलगा ते पाहून आपला देश वाचवणारा माणूस पाहतो. बंगालमधले मूल मात्र चौथा प्रश्न विचारेल. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा याच खोल्यांतून काय निर्णय झाले? दोन्ही मुलांचे पाहणे खरे आहे. मोठा माणूस पूर्ण पाहायचा तर दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्या लागतात.

हाच नियम यशवंतरावांनाही लावा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्यावर कडक टीका झाली. मराठी माणसे मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या झेलत असताना ते नेहरूंच्या बाजूने राहिले, हा राग कित्येकांच्या मनातून गेला नाही. १९७५ च्या आणीबाणीत ते केंद्रात मंत्री होते. १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी झाली. तिचे निष्कर्ष त्यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत थोडक्यात सांगितले. शिक्षण, साहित्य आणि नेतृत्व यांत उणिवा होत्या, हे त्यांनी मान्य केले. पण पूर्ण अहवाल सरकारने जनतेपुढे ठेवला नाही. हे प्रश्न विचारल्याने त्यांचा मान कमी होत नाही. स्वतः यशवंतरावांनी 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात १९४६ पर्यंतचीच हकीकत सांगितली. युद्धाच्या दिवसांची त्यांची रोजनिशी मात्र होती. तिच्या आधारे त्यांचे तेव्हाचे सचिव राम प्रधान यांनी पुढे १९६५ च्या युद्धावर पुस्तक लिहिले. रोजनिशी जपली गेली, म्हणून ती संध्याकाळ आपल्याला कळली.

आपल्या गावातली एक गोष्ट

कागद जपला नाही तर काय होते, हेही पाहू. १९६५ च्या युद्धाच्या वेळी निजाम मीर उस्मान अली खान यांनी देशाला पाच टन सोने दान दिले, अशी गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या वेळच्या वृत्तपत्रातली बातमी वेगळे सांगते. निजामांनी ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत गुंतवले होते. त्यावर साडेसहा टक्के व्याज होते. म्हणजे ते दान नव्हते, ठेव होती.

यात निजामांची निंदा नाही. देशाला सोन्याची निकड असताना ४२५ किलो सोने बाहेर काढणे ही लहान गोष्ट नव्हे. पण गोष्ट तोंडातोंडी वाढत गेली आणि खरी मदत फुगवलेल्या आकड्यामागे झाकली गेली. सह्याद्री धावल्याची गोष्टही अशीच. घोषणेतला सह्याद्री एका दिवसात धावतो. खऱ्या माणसाला तीच वाट चालायला चार वर्षे लागली. मला ही दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते, आणि तीच तुम्ही कराडहून घेऊन यावी.

पालकांसाठी काम

सभा संपल्यावर तेच आजोबा दाराशी थांबले होते. बोलता बोलता म्हणाले, "६५ साली मी शाळेत होतो. शास्त्रीजींनी सांगितले, आठवड्यातून एक वेळ जेवू नका. आमच्याकडे सोमवारी रात्री चूल पेटत नसे. आई आम्हा पोरांना मुरमुरे द्यायची आणि स्वतः पाणी पिऊन निजायची." आणि मग जरा थांबून म्हणाले, "हे मी नातवंडांना कधी सांगितलेच नाही."

त्या न पेटलेल्या चुलीचे संग्रहालय कुठेही नाही. युद्धाच्या काळातले नेतृत्व जसे दिल्लीच्या कार्यालयात होते, तसे ते हैदराबादच्या अशा स्वयंपाकघरांतही होते. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरी ओलांडून गेला आहे. आता विचारले नाही तर पुढे विचारायला कोणी राहणार नाही.

म्हणून पालकांना विनंती. सहलीच्या आधी घरातल्या आजी-आजोबांजवळ मुलांना बसवा. १९४८, १९५६, १९६२, १९६५ या चार सालांतले त्यांना काय आठवते, ते मुलांनी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. जुने रेशनकार्ड, पत्र, फोटो, शाळेचा दाखला असेल तर त्याची प्रत आणावी. आपल्या अनेक आजोबांचे शिक्षण उर्दूतून झाले. त्यांची उर्दू पत्रे नातवंडांना वाचता येत नाहीत. ती वाचून घेऊन मराठीत उतरवावीत. फोटोच्या मागे नाव आणि साल पेन्सिलीने लिहावे. मूळ कागद घरीच ठेवावा, शाळेत प्रत पुरे.

विश्वस्त मंडळास विनंती की, या प्रतींसाठी वाचनालयात एक कपाट द्यावे. खर्च फार नाही. कुलूप, कोरडी जागा आणि एक नोंदवही एवढेच लागेल. कराडहून परत आल्यावर मुले आपल्या वह्याही तिथे ठेवतील.

आणि त्या आजोबांना कळवण्यास आनंद वाटतो की, पहिल्या नोंदीसाठी जागा त्यांच्या सोमवारच्या रात्रीला राखून ठेवली आहे.